आनंदानें केलेली उपासना
ख्रिस्तपुराणाच्या इतिहासांतून एक बोध



आपल्या धर्मग्रामाच्या ज्युबिलीनिमित्त निघणाऱ्या या पुस्तिकेंत चार शब्द लिहावे अशी सूचना झाली, तेव्हां प्रथम 'ज्युबिली' या शब्दाकडेच आमचें लक्ष गेलें. हा शब्द आपण आतां घरच्यासारखा वापरतों; पण तो मूळचा इब्री आहे. 'योबेल' म्हणजे मेंढ्याचें शिंग. लेवीय पुस्तकाच्या पंचविसाव्या अध्यायांत असा नियम घालून दिला आहे कीं, सात वेळां सात वर्षें लोटलीं म्हणजे पन्नासाव्या वर्षीं सर्व देशभर शिंग फुंकावें. गुलामांस मोकळें करावें. ज्याची वडिलोपार्जित जमीन हातची गेली असेल त्याला ती परत मिळावी. ध्यानांत ठेवण्यासारखी गोष्ट ही कीं, तें शिंग फुंकण्याचा दिवस म्हणजे प्रायश्चित्ताचा दिवस होय. आधीं क्षमा, मग मुक्तता आणि मग हर्षाचा नाद, असा तो क्रम आहे. ज्याला कांहीं सुटल्याचें ठाऊक नाहीं, त्याला ज्युबिलीचा आनंद तरी कसा कळावा?

या हर्षाचें स्वरूप काय, हें हिप्पोचे बिशप संत औगुस्तीन (इ. स. ३५४–४३०) यांनीं स्तोत्रांवरील आपल्या प्रवचनांत फार मार्मिकपणें सांगितलें आहे. शेतांत कापणी करणारे आणि द्राक्षमळ्यांत राबणारे लोक प्रथम शब्दांनीं गाऊं लागतात. परंतु आनंद मनांत मावेनासा झाला म्हणजे ते शब्द सोडून देतात आणि नुसता सूर धरतात. देवही शब्दांत मावणारा नव्हे. म्हणून त्याच्यापुढें अंतःकरण असेंच मोकळें व्हावें, असा त्यांच्या सांगण्याचा भावार्थ आहे. ज्यांनीं आवणीच्या दिवसांत चिखलांत वांकून रोपें लावणाऱ्या बायकांचें गाणें ऐकलें आहे, त्यांना हा दृष्टान्त समजावून सांगण्याची गरज नाहीं. त्या वेळीं पाठ दुखत असते, अंगावर पाऊस असतो, तरी गाणें थांबत नाहीं.

येथें एक प्रश्न उभा राहतो. परमेश्वराची सेवा हर्षानें करावी, असें स्तोत्रकर्ता आपणांस निक्षून सांगतो. पण हर्ष आज्ञेनें येतो काय? रविवारीं मिस्सेला हजर राहण्याची आज्ञा देतां येते; उपास पाळण्याची देतां येते; गुडघे टेकण्याची देतां येते. आनंदाची आज्ञा कोण कोणाला देणार? या प्रश्नाचें उत्तर शोधण्यासाठीं आम्हांस फार लांब जावें लागलें नाहीं. तें आपल्याच भाषेंतील आद्य ख्रिस्ती महाकाव्याच्या इतिहासांत लिहिलेलें आहे. तो इतिहास थोडक्यांत सांगण्याचें येथें योजिलें आहे.

गोवें बेट पोर्तुगीजांच्या हातीं इ. स. १५१० मध्यें आलें, आणि त्याच्या दक्षिणेचा साष्टी महाल इ. स. १५४३ मध्यें. (ही गोव्याची साष्टी, मुंबईजवळची साष्टी नव्हे.) पुढें तेथें ख्रिस्ती धर्माचा प्रसार झाला. तो करणाऱ्यांत तपस्वी व निःस्वार्थी पुरुष होते, आणि ज्यांनीं बाप्तिस्मा घेतला त्यांत मनापासून घेणारेही होते. परंतु सत्य तेवढ्यावर संपत नाहीं. इ. स. १५६० मध्यें गोव्यांत इन्क्विझिशनची स्थापना झाली. इ. स. १५६७ च्या सुमारास साष्टींतील मंदिरें पाडण्यांत आलीं. त्याच वर्षीं गोव्यांत भरलेल्या धर्मप्रांतीय परिषदेच्या निर्णयांनीं व त्यामागून निघालेल्या सरकारी हुकुमांनीं जुन्या धर्माचे विधि, जुने ग्रंथ व जुने उत्सव यांवर बंदी आली. हें लिहितांना आम्हांस संकोच वाटतो. पण ज्युबिलीचें शिंग प्रायश्चित्ताच्या दिवशीं फुंकावयाचें असतें, हें वर सांगितलेंच आहे. आपल्या घरचा दोष झांकून आनंद करूं म्हटलें, तर तो आनंद खरा ठरणार नाहीं.

या बंदीचा एक परिणाम कोणत्याही सरकारी दप्तरांत नोंदला गेला नसेल. तो असा कीं, लोकांचें गाणें बंद पडलें. ज्या ओंव्या आजा नातवाला शिकवीत आला, ज्या कथा रात्रीं दिव्याजवळ बसून ऐकावयाच्या, त्या गेल्या. त्यांच्या जागीं धर्मशिक्षणाचीं प्रश्नोत्तरें आलीं. तीं खरीं होतीं, आवश्यकही होतीं. पण प्रश्नोत्तरें पाठ म्हणतां येतात, दळतांना गातां येत नाहींत. देवळें उंच व पांढरीं शुभ्र उभीं राहिलीं. त्यांत माणसेंही भरलीं. तथापि घरीं परत जातांना ओठांवर न्यावें असें त्यांच्यापाशीं फार थोडें होतें.

अशा वेळीं, इ. स. १५७९ च्या आक्टोबर महिन्यांत, फादर थॉमस स्टीफन्स नांवाचे एक तरुण येशूसंघीय गोव्यास येऊन उतरले. ते जातीचे इंग्रज, विल्टशायर परगण्यांतले. त्यांच्या स्वदेशाची स्थिति त्या वेळीं अशी होती कीं, इ. स. १५५९ च्या कायद्यानें तेथें कॅथोलिक मिस्सा बंद झाली होती, आणि स्टीफन्स यांचे जिवलग मित्र थॉमस पाउंड हे आपल्या श्रद्धेपायीं तुरुंगांत पडले होते. उपासनेवर राजाज्ञेचा हात पडला म्हणजे काय होतें, हें या पुरुषानें गोव्यास येण्यापूर्वींच पाहिलेलें होतें. एप्रिलांत लिस्बनहून निघून सहा महिन्यांवर समुद्रप्रवास करून ते येथें आले आणि इ. स. १६१९ मध्यें देह ठेवीपर्यंत, सुमारें चाळीस वर्षें, मुख्यतः साष्टींतच राहिले. तेथील लोकांची कोंकणी ते शिकलेच. शिवाय ग्रंथांची भाषा म्हणून जी मराठी तेथें मान पावलेली होती, तिचाही त्यांनीं मनापासून अभ्यास केला. मराठीचे गोडवे गाणाऱ्या त्यांच्या ओंव्या आज शाळेंतल्या मुलांसही ठाऊक असतात. ख्रिस्ती नसलेल्या पंडितांनींही त्या आदरानें उद्धृत केल्या आहेत.

ग्रंथाच्या आरंभींच्या भागांत त्यांनीं एक प्रसंग सांगितला आहे. देवळांत मुलांस धर्मशिक्षण चाललें होतें. तें ऐकत असलेला एक नवख्रिस्ती ब्राह्मण पुढें झाला व पाद्रीसाहेबांस विनंती करूं लागला. त्याच्या म्हणण्याचें तात्पर्य असें: आपण जें शिकवितां तें उत्तम आहे, परंतु आमचीं पूर्वींचीं पुराणें आम्हांस वर्ज्य झालीं, आणि त्यांच्या जागीं वाचावयास व ऐकावयास दुसरें कांहीं मिळालें नाहीं, तर आमच्या भाषेंत, आमच्या रीतीनें, असें एखादें नवें पुराण आम्हांस कां मिळूं नये?

वाचकहो, या मागणीकडे नीट पाहावें. तो गृहस्थ कोणत्याही नियमांतून सूट मागत नव्हता, किंवा कोणाविरुद्ध तक्रारही करीत नव्हता. तो गाणें मागत होता. त्याचा धर्म बदलला होता. आतां त्या धर्मांत त्याला आनंदानें राहावयाचें होतें, आणि मुकेपणानें आनंद करतां येत नाहीं हें त्याला कळलेलें होतें. त्या मागणीचें उत्तर म्हणजे ख्रिस्तपुराण होय. तें इ. स. १६१६ मध्यें साष्टींतील रायतूर येथें छापून निघालें. त्याचे दोन भाग आहेत. पहिल्या पुराणांत सृष्टीच्या उत्पत्तीपासून जुन्या कराराची कथा आहे. दुसऱ्यांत प्रभु येशूचा जन्म, कार्य, दुःखसहन, मरण व पुनरुत्थान यांचें वर्णन आहे. दोन्ही मिळून पंचाण्णव अवस्वरू, म्हणजे अध्याय, आहेत. ओंव्यांची संख्या १०,९६२ भरते. देवनागरी खिळे मिळावे म्हणून फादर स्टीफन्स यांनीं इ. स. १६०८ मध्यें आपल्या संघाच्या मुख्यांस लिहिलें होतें. तो योग आला नाहीं, आणि हें मराठी काव्य रोमन अक्षरांत छापलें गेलें. ग्रंथाला पुढें इ. स. १६४९ व १६५४ मध्यें पुन्हां छापण्याचें भाग्य लाभलें.

एकनाथ महाराज इ. स. १५९९ मध्यें समाधिस्थ झाले. तुकाराम महाराज त्यानंतर थोड्याच वर्षांनीं जन्मास आले. या दोघांच्या मधल्या काळांत, त्याच ओंवी छंदांत, हा इंग्रज पाद्री ख्रिस्ताची कथा रचीत होता. ओंवीचा गुण असा कीं, ती पंडिताला वाकविते आणि अडाण्याला चढविते. तिचे पहिले तीन चरण यमकानें बांधलेले, चौथा आंखूड. चाल ज्याच्या त्याच्या गळ्याप्रमाणें. ती पोथीवर बसते आणि पाळण्याजवळही बसते. स्टीफन्स यांनीं स्वर्गाला 'वैकुंठ' म्हटलें. कठीण शब्द टाळून मराठींत कोंकणी बोलींतले शब्द मिसळले, म्हणजे सामान्य माणसास अडखळावें लागूं नये. रविवारीं व सणांच्या दिवशीं मिस्सेनंतर देवळांत हें पुराण गाइलें जाऊं लागलें. जो ब्राह्मण गाणें मागत होता, त्याचीं नातवंडें तें गाऊं लागलीं.

आनंद हुकुमानें येत नाहीं, हें या कथेचें पूर्वार्ध झालें. मंदिरें पाडण्यास एक फर्मान पुरलें. पण नव्या देवळांत हर्षाचा सूर निघावयास एका माणसाला चाळीस वर्षें लोकांजवळ बसून त्यांची वाणी शिकावी लागली. आतां उत्तरार्ध ऐकावा. तो असा कीं, खरा आनंद हुकुमानें जातही नाहीं.

इ. स. १६८४ मध्यें गोव्याचे व्हाइसरॉय कौंट आल्व्होर यांनीं फर्मान काढलें कीं, लोकांनीं तीन वर्षांच्या आंत आपली बोली सोडून पोर्तुगीज बोलावी. जी भाषा आधींच्या पिढीच्या पाद्र्यांनीं घाम गाळून शिकली होती, तीच आतां टाकाऊ ठरली. इ. स. १७३६ मध्यें इन्क्विझिशनच्या एका फर्मानानें ख्रिस्ती लोकांच्या लग्नकार्यांतल्या पुष्कळ चालीरीतींवर बंदी घातली. त्यांत लग्नांतल्या ओंव्या गाण्यासही मनाई होती. पुराणाची नवी आवृत्ति निघण्याचें मग नांवच राहिलें नाहीं. सतराव्या शतकांतल्या तिन्ही छापील आवृत्त्यांपैकीं एकही प्रत आज उपलब्ध नाहीं.

तरी पुराण नष्ट झालें नाहीं. दुष्काळ, लढाया, करभार आणि इन्क्विझिशनचा जाच यांमुळें गोव्यांतील अनेक ख्रिस्ती कुटुंबें दक्षिणेस कानडा प्रांतांत जाऊन राहिलीं होतीं. त्यांनीं आपल्या सामानाबरोबर हातानें उतरून घेतलेल्या पोथ्याही नेल्या. मंगळूरच्या बाजूस हीं कुटुंबें स्थिरावलीं. मग त्यांच्यावर मोठी आपत्ति ओढवली. इ. स. १७८४ च्या फेब्रुवारी महिन्यांत, राखेच्या बुधवाराच्या सुमारास, टिपू सुलतानाच्या हुकुमानें त्यांची धरपकड सुरू झाली. देवळें पाडलीं गेलीं, घरदार जप्त झालें आणि हजारों स्त्रीपुरुषांस व मुलांस घाट चढवून श्रीरंगपट्टणास नेण्यांत आलें. वाटेंत व बंदिवासांत किती मेले, याची गणती देव जाणे. इ. स. १७९९ च्या मे महिन्यांत श्रीरंगपट्टण पडेपर्यंत पंधरा वर्षें हा बंदिवास चालला. यांत कोणत्या धर्माचा दोष काढण्याचा आमचा हेतु नाहीं. गोव्यांतल्या ख्रिस्ती राज्यकर्त्यांनीं केलें तें वर सांगितलेंच आहे. सत्तेनें अंतःकरणावर हात टाकला म्हणजे तिचा धर्म कोणताही असो, परिणाम एकच होतो.

मंगळूरच्या ख्रिस्ती लोकांत अशी परंपरा चालत आली आहे कीं, त्या पंधरा वर्षांत मिस्सा नाहीं, पाद्री नाहीं, देऊळ नाहीं अशा स्थितींत ज्यांनीं श्रद्धा राखली, त्यांना ख्रिस्तपुराणाच्या ओंव्यांनीं धीर दिला. मनांत पाठ असलेलें गाणें कोणाला जप्त करतां येत नाहीं. बंदिवासांतून जे परतले त्यांनीं पडलेलीं देवळें पुन्हां बांधलीं, आणि जुन्या पोथ्या पुन्हां उघडल्या. अशाच पोथ्यांच्या आधारें जोसेफ सालढाणा यांनीं इ. स. १९०७ मध्यें मंगळूर येथें हा ग्रंथ नव्यानें छापून प्रसिद्ध केला. पुढें जस्टिन ॲबट यांस लंडन येथील मार्सडेन संग्रहांत ख्रिस्तपुराणाची देवनागरी लिपींतील एक पोथी आढळली, आणि इ. स. १९५६ मध्यें शांताराम बंडेलू यांनीं पुणें येथून देवनागरींत आवृत्ति काढली. रायतूरच्या छापखान्यांत जें अक्षर मिळालें नव्हतें, तें पुराणाला तीनशेंचाळीस वर्षांनीं मिळालें.

दुःखांत गाणें ही कांहीं ख्रिस्ती धर्मांत नवीन गोष्ट नव्हे. संत पौल व सीला यांना फिलिप्पै नगरांत फटके मारून, पाय खोड्यांत अडकवून तुरुंगांत टाकलें होतें. तेव्हां मध्यरात्रीं ते देवाचें स्तवन गात होते आणि इतर बंदिवान ऐकत होते, असें प्रेषितांच्या कृत्यांत लिहिलें आहे. आपल्या वसईचे सुपुत्र संत गोन्सालो गार्सिया यांना पंचवीस सोबत्यांसह इ. स. १५९७ च्या फेब्रुवारीच्या ५ तारखेस जपानांत नागासाकी येथें क्रुसांवर चढविलें, त्या वेळींही क्रुसांवरून स्तोत्रगायन झाल्याचें वृत्तान्तांत नमूद आहे. हे लोक वेदना न जाणणारे होते असें नाहीं. त्यांचा आनंद सुखाच्या खुंटीवर टांगलेला नव्हता, एवढेंच. म्हणून सुख काढून घेतलें तरी तो खालीं पडला नाहीं.

आतां आपल्याकडे वळूं. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनें इ. स. १९६३ च्या डिसेंबरच्या ४ तारखेस उपासनेविषयींचें संविधान संमत केलें, आणि लोकभाषेला मिस्सेचें द्वार उघडलें. त्यापूर्वीं आपले वाडवडील लॅटिन मिस्सेच्या वेळीं हातांत माळ घेऊन बसत. त्यांची भक्ति कमी होती असें म्हणण्याचें धाडस आम्ही करणार नाहीं. परंतु त्या ब्राह्मण गृहस्थानें जें हात जोडून मागितलें, आणि ज्यासाठीं फादर स्टीफन्स यांनीं आयुष्य वेंचलें, तें आज आपणांस न मागतां मिळतें. आपल्या मातृभाषेंत वचनें वाचलीं जातात, प्रार्थना होतात, गीतें गाइलीं जातात. कोणताही व्हाइसरॉय आतां आपली भाषा हिरावून घेत नाहीं. मग आपण गातों काय?

हा प्रश्न आम्ही प्रथम स्वतःस विचारला, आणि उत्तर देतांना मान खालीं गेली. कित्येक रविवारीं आम्ही देवळांत उभे राहून गायकमंडळीचें गाणें, दुसऱ्याच्या घरचें लग्न पाहावें, तसें पाहिलें आहे. ओठ मिटलेले, मन घड्याळावर. सणाच्या दिवशीं मात्र आम्ही उत्साही असतों. बँड, रोषणाई, फटाके, जेवणावळी यांस कांहीं कमी पडूं देत नाहीं. यांत वाईट कांहीं नाहीं. प्रभूनें स्वतः काना गांवच्या लग्नांत द्राक्षारस पुरविला. तथापि गलबला आणि हर्ष यांत अंतर आहे. गलबला विकत मिळतो, आणि मंडप सुटला म्हणजे तोही सुटतो. पोप सहावे पौल यांनीं इ. स. १९७५ मध्यें खास ख्रिस्ती आनंदावर एक प्रबोधनपत्र लिहिलें. त्यांतही त्यांनीं दाखवून दिलें कीं, आधुनिक समाजाला सुखाचीं साधनें वाढवितां आलीं, पण आनंद निर्माण करणें त्याला फार जड जातें.

यास्तव ज्युबिलीच्या या वर्षीं तीन गोष्टी आपण मनावर घ्याव्या, अशी आमची नम्र विनंती आहे. पहिली ही कीं, शिंगापूर्वीं प्रायश्चित्त असूं द्यावें. ज्या भावाशीं बांधावरून बोलणें टाकलें असेल, त्याच्याशीं आधीं बोलावें; ज्याचें देणें थकविलें असेल त्याचें द्यावें; मग देवळांत येऊन तोंड उघडावें. दुसरी ही कीं, आपल्या मुलांस प्रार्थनांबरोबर गीतेंही शिकवावीं, आणि तीं आपल्या भाषेंत शिकवावीं. आजीच्या तोंडचीं लग्नगीतें व भक्तिगीतें तिच्याबरोबरच मातींत जाऊं देऊं नयेत. फर्मानानें जें मेलें नाहीं तें आपल्या आळसानें मरावें, यासारखी लाज नाहीं. तिसरी ही कीं, जो दुःखांत आहे त्याला आनंदी दिसण्याचा आग्रह करूं नये, त्याच्याजवळ बसावें. फादर स्टीफन्स प्रथम लोकांजवळ बसले, त्यांचें ऐकलें, आणि मगच त्यांनीं गाणें रचलें. धर्मग्राम म्हणजे नुसती भिंतींची व हिशेबाच्या वह्यांची संस्था नव्हे. ज्याचा कंठ दाटला आहे त्याच्या वतीनें इतरांनीं गावें, यासाठीं देवानें आपणांस एकत्र आणिलें आहे.

ज्यांनीं आपलें हें देऊळ बांधलें, त्यांपैकीं पुष्कळजण आतां आवारांतील मातींत विसांवले आहेत. त्यांनीं आपणांस छप्पर दिलें, घंटा दिली, वेदी दिली. आनंद मात्र ते मागें ठेवूं शकले नाहींत. कारण तो वारसापत्रानें मिळत नाहीं, तो प्रत्येक पिढीला देवापाशीं नव्यानें मागावा लागतो. म्हणून ज्युबिलीच्या दिवशीं घंटा वाजेल तेव्हां, हे दयाळू पित्या, आमचीं पापें आम्हांस क्षमा कर. आमच्या जिव्हा मोकळ्या कर. बंदिवासांत ज्यांनीं तुझें गाणें राखलें त्यांच्या पंक्तीस आम्हांसही बसव. आणि तुझी सेवा आम्ही भयानें किंवा संवयीनें न करितां मनःपूर्वक हर्षानें करूं, अशी कृपा आमच्या प्रभु येशू ख्रिस्ताद्वारें आम्हांवर कर. आमेन.